परत येण्याची शिक्षा

सोलापूर,
ता. ९ ऑगस्ट १९७६

चि. ईरण्णा,

इकडं सगळे ठीक. अव्वाचा गुडघा बरा हाय. आप्पाचं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी आजारी न्हाय. दुधनीच्या अडतीत तुझं बरं चाललं असंल.

तुझी बहीण दाक्षायणी कॉलेजात मानसशास्त्र शिकतीय. अमेरिकेत म्हणे कबुतरं पेटीत ठेवून अभ्यास करतात. मी म्हटलं, माणसं संपली काय तिकडं? पण ऐकत गेलो तशी लई गंमत वाटली. दर वेळी चोच मारली की दाणा दिला, आणि एकदम बंद केला, तर पाखरू लवकर नाद सोडतंय. पण कधी चौथ्यांदा टोचल्यावर दाणा, कधी चाळिसाव्यांदा, असं केलं तर दाणा बंद झाल्यावरही बिचारं टोचतच राहतंय.

मी म्हटलं, असं कसं? पोरगी हसली. "आप्पा, रोज अकराला दुकानाच्या दारात पोस्टमनची वाट कोण बघतंय?"

तुझी कार्डं अव्वाच्या नावानं येतात. पंधरा दिवसांत दोन, मग चार महिने काही न्हाय. तिला वाचता येत न्हाय, वाचून दाखवतो मीच. माझं नाव त्यात नसतं. तरी रोज उभा राहतोय, घे!

शिक्षेचंही एक प्रकरण हाय त्यांच्या पुस्तकात. मारानं खोड जात न्हाय, नुसती दबती, आणि मारणाऱ्याची भीती तेवढी बसती. त्यापेक्षा चांगलं केलं की लगेच शाबासकी द्यावी. मी करून बघितलं. जेवताना म्हटलं, आमटी झकास झालीय. अव्वानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बरं वाटंना काय तुमाला?"

परवा मात्र हसू आलं न्हाय. आपलं कुत्रं दोरी तोडून पळालं. तासभर हाका मारल्या, तेव्हा आलं शेपूट हलवत. मी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. दाक्षायणीनं हात धरला. "आप्पा, ते आत्ता परत आलंय की. आत्ता मारलं तर काय शिकंल ते? पळू नये, का परत येऊ नये?"

गज ठेवून गादीवर बसलो. गिऱ्हाईक काय मागत होतं, ऐकूच येईना.

ईरण्णा, तू नापास होऊन पळालास, ते आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाय. नवव्या दिवशी तू आपल्या पायानं आलास, आणि भर दुकानात मी त्याच गजानं तुला मारलं. लोकांना सांगत आलो, पळाला म्हणून मारलं. खोटं हाय ते. मार तू परत आल्यावर खाल्लास. मग तू दुधनीला निघून गेलास, तीन वर्षं इकडं फिरकला न्हाईस, त्यात तुझं काय चुकलं?

ये बाबा. काही विचारणार न्हाय. त्या दिवशी तुला दारातच पोटाशी धरायचं होतं, आणि हात भलतीकडं गेला. ते राहिलंय.

आशीर्वाद द्यायचा हक्क तू आल्यावर मागीन.

चुकलेला,
तुझा आप्पा
रुद्रप्पा