आई, हलीमाने दगडाला टाकी लावली

प्रिय आईस,

तुझ्या दिन्याचा साष्टांग नमस्कार.

तू गेल्यावर तुला पत्र लिहितोय, बघ माझी तऱ्हा! होतीस तेव्हा एक ओळ कधी लिहिली नाही. फोनवर "जेवलीस का, तब्येत कशी" एवढं बोलेपर्यंत लाइन कटायची. पण आज इथे अशी गोष्ट झाली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती समजणारं माणूस माझ्या ओळखीत एकच होतं. इथल्या गॅरेजमधल्या पोरांना सांगितलं तर म्हणतील, बरं, चक्की सुरू झाली, मग? तू मात्र हातातलं सूप खाली ठेवून विचारलं असतंस, "थांब, नीट सांग. बाईने लावली टाकी? स्वतः?"

हो आई, स्वतः!

आणि काकांचाही फोन आला होता. म्हणाले, तुझं वर्षश्राद्ध व्हायच्या आत देवासची चक्की माझ्या नावावर करून घ्यायची आणि गिऱ्हाईक बघून विकायची. लोक आता थैलीतलं पीठ आणतात, तू परदेशात, मग चक्की बघणार कोण? "बघणार कोण" असं काका म्हणत होते, आणि त्यांच्या मागून तुझ्याच चक्कीचा आवाज येत होता! तुझी लेक, आपली नंदाताई, दळत होती. मी तेव्हा विचार करून सांगतो म्हणालो.

माझं मराठी तुला माहीतच आहे. शाळा हिंदी, तीही सातवीपर्यंत. चुकलं तर हसून घे.

मी सुदानात आहे एवढं तुला माहीत होतं. कुठे, कशाला, हे तू विचारलंस आणि मी "पंप-जनरेटर बघतो" म्हणून टाळलं. खरं सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. इथे लढाई आहे. गावं जळाली, माणसं पळून छावणीत आली. बायका-पोरं फार, पुरुष थोडे. मदतवाल्यांची मोठी संस्था आहे, मी त्यांचा मिस्त्री. धामनोदच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली लोळून जे शिकलो ते इथे कामाला आलं. सगळे मला "हिंदी" म्हणतात, अरबीत म्हणजे हिंदुस्थानचा. आपल्याकडे हिंदी बोलणाऱ्यांत मी मराठी होतो, इथे येऊन हिंदी झालो.

या छावणीत दर महिन्याला ज्वारी वाटतात. अख्खी ज्वारी, पोत्यातून. मला वाटायचं, ज्वारी मिळाली म्हणजे झालं. पण ज्वारी म्हणजे भाकरी नव्हे, हे चक्कीवालीच्या पोराला कळायला नको होतं का? छावणीत दळणार कुठे? चक्की गावात, आणि गावाच्या रस्त्यावर बंदूकवाले. पुरुष गेला तर मारतात, म्हणून बायका जात. बायकांचं काय होत असे ते मी लिहीत नाही. काही जणी परत आल्या की कुणाशी बोलत नसत. काही जाणंच सोडून देत आणि अख्खी ज्वारी उकडून पोरांना घालत. पोरं पोट धरून रडत.

ग्रेस मॅडम आल्या तेव्हा हे बाहेर आलं. केनियाच्या आहेत, जाड चष्मा, हसल्या की सगळा तंबू हसतो. मदत बायकांपर्यंत नीट पोचते का आणि पुढे तिचं काय होतं, ते बघून पुढची आखणी करायची, हे त्यांचं काम. आधी त्यांनी शेखांना, म्हणजे इथल्या पंचांना, विचारलं. पंच म्हणाले, सगळं उत्तम आहे. मग मॅडम नळाच्या रांगेत जाऊन बसल्या, स्वतःची कॅन घेऊन. रोज. आठवड्याभराने बायका बोलायला लागल्या. चक्की आत हवी. राशनच्या गोदामापाशी नको, तिथे शिपाई आणि रिकामे पुरुष उभे असतात. नळापाशी हवी, म्हणजे पाणी आणि पीठ एकाच खेपेत होईल. पोरं दिसतील अशी हवी. आणि किल्ली आमच्याकडे.

किल्लीवर सगळं अडलं. पंच म्हणाले, इंजिन बायकांचं काम नाही. एक व्यापारी तर टपूनच बसला होता, चक्की मला चालवायला द्या म्हणून. शेवटी असं ठरलं, की बायकांनी चालवून दाखवावी. दगड गुळगुळीत झाले की त्यांना पुन्हा टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायची, वेळ येईल. ते जमलं तर किल्ली त्यांची, नाही तर व्यापाऱ्याची.

मॅडमनी मला बोलावून विचारलं, "तू बाईला चक्की चालवताना कधी पाहिलंयस?"

मी हसतच सुटलो. म्हटलं, "मॅडम, मी चक्कीवरच वाढलोय. पोत्यावर झोपून."

मग मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. बाबा गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू चक्कीचं शटर वर केलंस. बाई इंजिन चालवणार म्हणून चौकातला तो पानवाला ओरडला होता, आठवतं? "लो भिया, अब लुगायां इंजन चलायगी!" आणि तू पट्टा चढवता चढवता म्हणालीस, "भिया, सौ बरस से घर की चक्की कौन चला रिया था? तुम?" पूर्ण चौक हसला. पानवाल्याने दुसऱ्या दिवशी गपचूप त्याच्या घरचा दळणाचा डबा पाठवला. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा चार चक्क्या होत्या, पण बायका लांबून तुझ्याकडे यायच्या. दुपारी तू पुरुषांना आत येऊ देत नसायचीस. "डबा ठेवा आणि चहा पिऊन या." बायका पीठ होईपर्यंत पोत्यांवर पाय पसरून बसायच्या. घरी त्यांना तेवढं तरी कुणी बसू देत होतं का?

मॅडमनी हे सगळं ऐकलं आणि दुपारची ती वेळ लगेच आखणीत घेतली. दुपारी नळाची रांग ओसरली की चक्की फक्त बायकांची. आई, तुझी देवासची दुपार सुदानात आली!

चक्की सुरू झाली. इंजिन, पट्टा, तेलपाणी बायकांनी पटापट उचललं. त्यांची पुढारीण हलीमा. उंच, काटक, नवरा लढाईत गेलेला, धाकटं पोर कायम पाठीला बांधलेलं. जीभ तर अशी की तू आणि ती समोरासमोर आल्या असत्या तर मी बाहेर पळालो असतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "हिंदी, तू इंजिनाशी इतकं गोड बोलतोस, म्हणून तुझं लग्न झालं नाही."

मग पीठ गरम यायला लागलं. जळका वास. दगड गुळगुळीत झाले होते, टाकीची वेळ आली. आणि इथेच माझी पंचाईत झाली. टाकी शिकवायची म्हणजे शेजारी बसायचं, हात धरून छिन्नीचा तिरपेपणा दाखवायचा. मी परका पुरुष, ती विधवा. तिला हात लावला असता तर चक्की राहिली बाजूला, तिचंच नाव छावणीभर खराब झालं असतं. व्यापारी हेच बघायला रोज घिरट्या घालत होता.

तेव्हा मला तू आठवलीस. तू मला टाकी शिकवलीस ती माझ्याकडे पाठ करून! तू गिऱ्हाइकाचं वजन करायचीस, मी मागे दगडावर ठोकायचो, आणि तू न बघता म्हणायचीस, "बद्द वाजलं, टाकी बसली नाही. खण्ण वाजू दे." मला राग यायचा. वाटायचं, आईला माझ्याकडे बघायलाही वेळ नाही. बघितलं का नाहीस गं एकदाही? आता वाटतं, बघितलं असतंस तर मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो असतो आणि दगडाचं ऐकलं नसतं.

मी चटईची भिंत उभी केली. आत हलीमा, तिच्याजवळ हब्बोबा, म्हणजे सगळ्यांची आजी, पहारा द्यायला. बाहेर मी, भिंतीला पाठ लावून, सगळ्या छावणीला दिसेल असा. माझ्या मोडक्या अरबीत सांगायचो, "शुवय्या शुवय्या, हळूहळू. आता बद्द वाजलं. छिन्नी तिरपी कर. अजून." आधी तिने इतक्या जोरात मारलं की दगडाचा कपचा उडाला. बाहेरून व्यापारी म्हणाला, "हिंदी, तुझी शिष्या चक्की फोडतेय, मला कळवत जा हां." आतून हब्बोबाने त्याला जे सांगितलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण त्याच्या आईपर्यंत पोचलं होतं हे नक्की.

पुढे एकदा मी असाच "तिरपी कर, हलक्या हाताने" करत होतो, तर आतून आवाज आला, "हिंदी, तू गप्प बस. मला दगडाचं ऐकू येत नाहीये."

आई, मला रडू आलं. लाज वाटली नाही.

आणि त्यानंतर खण्ण, खण्ण, खण्ण. एका लयीत. जणू तूच आत बसली आहेस.

आज सकाळी दगड चढवले. ते जड, म्हणून सहाजणींनी मिळून उचलले. इंजिन सुरू झालं, ज्वारी आत गेली, पीठ आलं. हलीमाने अंगठा आणि बोट यांमध्ये चिमूट चोळली, आणि माझ्याकडे एक मूठ पाठवली. गार होतं. तू करायचीस तसं बारीक नव्हतं, पण गार आणि पांढरं. हब्बोबाने तिथेच घट्ट उकड ढवळली. पोरांनी बोटं चाटली.

मोठे शेख आले. त्यांनीही पीठ चोळलं, वास घेतला, बराच वेळ दाढी कुरवाळली. मग खिशातून किल्ली काढली आणि धरली कुणापुढे? माझ्यापुढे!

वाईट हेतू नव्हता त्यांचा. चक्कीसमोर एवढ्या बायका, त्यात एक पुरुष, हात आपोआप माझ्याकडे वळला. व्यापारीसुद्धा मान हलवत होता, बायकांपेक्षा हा परवडला म्हणून. मी हात पाठीमागे घेतले. म्हटलं, "शेख, ही माझी नाही." ते किल्ली धरून तसेच उभे. हलीमा पुढे आली, पोर पाठीला, हात पिठाने पांढरे. किल्ली घेतली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "पुढची बाई कोण? पोतं आणा."

ग्रेस मॅडम चष्मा पुसत बसल्या होत्या. बाकीच्या छावण्यांच्या आखणीतही चक्की अशीच घालणार आहेत, नळापाशी, किल्ली बायकांकडे. मला विचारलं, शिकवायला येशील? म्हटलं, पाठ करून शिकवीन.

मी हात मागे घेतले तेव्हाच, आई, काकांना काय सांगायचं ते मला समजलं. दुपारीच फोन लावला.

"काका, चक्की नंदाताईच्या नावावर होईल. मी येऊन सही करतो."

"अरे वेड्या, मुलगा तू आहेस! ती सोनकच्छचं सासर सोडून परत आलेली मुलगी, आज इथे, उद्या कुठे?"

"उद्याही ती चक्कीवरच असेल, काका. तुम्ही फोन केला तेव्हाही होती."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पीठ न्यायला येतील."

काका रागावले. रागावू देत, श्राद्धाच्या जेवणापर्यंत उतरेल. मग ताईला फोनवर बोलावलं. तिला सांगितलं, मागे चक्कीचा आवाज. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "म्हणजे परवापासून पट्टा तुटतोय तो बदलायला तू येणार नाहीस, मलाच बघावं लागणार, असंच ना?" तुझीच मुलगी!

एक राग मात्र आहे तुझ्यावर. तो खोकला. "पीठ आहे रे, दुसरं काय" म्हणत राहिलीस शेवटपर्यंत. ताईलाही मला सांगू दिलं नाहीस. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बाईने स्वतःचं दुखणं शेवटच्या डब्यासारखं मागे सारायचं, हे तुला कुणी शिकवलं? इथे मी चक्कीची वाऱ्याच्या बाजूची भिंत उघडी ठेवलीय आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय इंजिन सुरू करू देत नाही. हलीमा चिडते. चिडू दे.

आई, वचन देतो. वर्षश्राद्धाला देवासला येतो, आणि पिंडदानाला बसायच्या आधी नाव बदलायला कचेरीत जातो. कागद ताईच्या हातात देईन, आणि चक्कीला मागच्या भिंतीत मोठी खिडकी पाडीन, मग शेजारचे कितीही ओरडोत की पीठ उडतं. ताईच्या छातीत पीठ साचू देणार नाही. तेवढं करूनच परत इकडे येईन, पुढच्या छावणीतल्या बायका वाट बघतायत.

तुझा,
दिन्या
(चक्कीवालीचा मुलगा. इथेही आता हेच सांगतो.)