आमदारसाहेबांच्या हस्ते साडीचोळी

१६ ऑगस्ट १९६६, पनवेल

झाला काल एकदाचा सत्कार! सकाळी नऊचा म्हणून नेलं आणि साहेब उगवले बाराच्या सुमाराला. तोवर मी आणि आई (सासूबाई, पण मी आईच म्हणते) स्टेजवर दोन लोखंडी खुर्च्यांत. समोर सगळं गाव. माशा मारायची पण सोय नाही, लोक बघतात.

आमदारसाहेब गाडीतून उतरताना विचारत होते म्हणे, "ती बाई कुठली ती?" ती बाई म्हणजे मी. रंभा महादेव घरत. वीरपत्नी! महादेवला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तो असताना मी नुसती बायको होते, कोणी खुर्ची दिली नाही.

मग भाषण. "शिपाई सरहद्दीवर रक्त सांडतो, तसा आम्ही सभागृहात घाम गाळतो! पण शिपायाच्या मागे पेन्शन आहे. आमच्या मागे काय आहे?" टाळ्या! मागे काय आहे ते मी बघितलं — काळी मोटार, तिच्यात ड्रायव्हर आणि आंब्याच्या बाटलीबंद रसाची पेटी. आमदारकीसुद्धा साहेबांचे सासरे वारले तेव्हा जावयाला मिळालेली. त्याला काय म्हणायचं? आणि सभागृहात घाम गाळताना कोणाला गोळी लागल्याचं अजून ऐकलं नाही.

शेवटी साडीचोळी आणि नारळ. साहेब बोलून इतके दमले की खुर्चीतून उठवेना. शेजारी कर्ण्याच्या वायरी सोडवत धर्मराज उभा होता. तोच तो, बाजारात लाउडस्पीकर भाड्याने देतो तो, मूळचा मोरा बंदरातला. साहेब म्हणाले, "दे रे तूच." त्याने हात पँटला पुसले आणि दिलं. मी पदरात घेतलं. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला कळेना का!

घरी आल्यावर आईंनी सांगितलं. "अगो रंभे, आपल्यान पाट आसाच लागतं! पंच बसलेलं, बाप्यानी लुगरा-नारल दिला, रांडव बायकोनी पदरान घेतला — जाला!" विधवेचं दुसरं लग्न म्हणे लागलं माझं, भर सभेत! आणि त्याही हसायला लागल्या. महादेव गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी.

नारळाची आमटी केली.

२० ऑगस्ट

साप्ताहिकात छापून आलं. "आमदारसाहेबांच्या हस्ते वीरपत्नीस साडीचोळी." हस्ते! फोटोत साहेब, साहेबांचं पोट आणि कोपऱ्यात माझं अर्धं कपाळ.

६ सप्टेंबर

पेन्शन आणायला कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "बाई, तुमचं बंद आहे."

का? तर तुमचा पुनर्विवाह झालाय असा अर्ज आलाय. निनावी.

मी म्हटलं, "माझा? कोणाशी?"

"धर्मराज कर्णेवाला. पंधरा ऑगस्टला, भर सभेत, पंचांसमक्ष. वधूने साडी-नारळ पदरात घेतला."

मी हसले. तो हसला नाही. शिपायाच्या विधवेने दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद, हा नियम. दर सहा महिन्यांनी ह्याच टेबलापुढे उभं राहून लिहून द्यायचं, मी हयात आहे, पुनर्विवाह केलेला नाही. खाली दोन साक्षीदार. मेला महादेव आणि हजेरी माझी.

कारकून माणूस वाईट नाही. हळूच म्हणाला, "नियमात एक सोय आहे. मयताच्या भावाशी केलं तर पेन्शन चालू राहतं. दीर आहेत का?"

"नाही. एक नणंद आहे, बेलपाड्याला दिलेली. तिच्याशी चालेल?"

त्याने फाईल मिटली.

घरी येऊन आईंना सांगितलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. तीसेक रुपये येतात. त्यात खोलीचं भाडं, तांदूळ, आईंच्या दम्याच्या पुड्या. माझ्या शिलाईचं मिळतं ते दोऱ्याबटणात आणि रॉकेलमध्ये जातं. आई म्हणाल्या, "माजा पोर गेला त्याचा कागुद सा महिन्यांनी आला. तुजा नवरा जाला त्याचा पंधरा दिसान?"

७ सप्टेंबर

शेजारची शरीफा सकाळीच दारात. "मुबारक हो रंभा! तुला खबर नाय नि तुझा निकाह झाला? खीर तरी पाजायचीस!" मी तिला लाटणं दाखवलं.

११ सप्टेंबर

आज वर्ष झालं. काही लिहवत नाही.

३ ऑक्टोबर

चौकशी! कचेरीबाहेरच्या बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धर्मराज. मध्ये एवढी जागा की एक म्हैस बसेल. जाणारा-येणारा बघून जातो. आम्ही दोघं भिंतीकडे बघतो.

त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं. चौकशीच्या साहेबाने विचारलं, लग्न केलं का? म्हणाला, "साहेब, तालुक्यातल्या सगळ्या लग्नांत मी कर्णा लावतो. माझ्या लग्नात लावला नसता?"

मला हसू फुटलं. तोंड दाबून बसले.

बाहेर आल्यावर म्हणाला, "माफ करा बाई. मला आमदारांनी सांगितलं म्हणून... मी नको म्हणायला हवं होतं." एवढंच. आणि सायकल घेऊन गेला.

२१ ऑक्टोबर

पुन्हा तारीख. पुन्हा बाक. आज धर्मराजने चुरमुरे आणलेले, पुडी बाकाच्या मध्ये ठेवली. पुढाऱ्यांची भाषणं ऐकून त्याचा डावा कान अधू झालाय म्हणाला. आमदारसाहेबांची नक्कल करून दाखवली — "आमच्या मागे काय आहे?" कचेरीतला शिपाई पण हसला.

त्याची बायको बाळंतपणात गेली, चार वर्षं झाली. हे त्याने न विचारता सांगितलं. पण रड नव्हती त्यात.

२ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर आणि घरात दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. आई आपट्याहून बैलगाडीने येणाऱ्या बायकांकडून सुकट घेऊन दारोदार विकतात. साठी उलटलेली, दम्याने फासफूस करणारी बाई! मला सांगितलं नाही. शरीफाकडून कळलं. घरी आल्यावर मी ओरडले तर म्हणतात, "म्हादूच्या जिवावर खाल्ला, आता माज्या जिवावर खा."

मला महादेवचाच राग आला आज. खोटं कशाला लिहू? एवढा मोठा देश, तुलाच मरायचं होतं?

९ नोव्हेंबर

आमदारसाहेबांच्या बंगल्यावर गेले. एवढंच मागायला, की साडी तुम्हीच द्यायला सांगितलीत हे कचेरीत कळवा. दोन तास बाहेर. आत बटाटेवडे तळल्याचा वास.

साहेब म्हणाले, "बाई, पेपरात छापलंय माझ्या हस्ते. आता मी दिली नाही म्हटलं तर विरोधक काय म्हणतील? निवडणूक जवळ आलीय." मग हळवे झाले. "आम्हाला का तुमचं दुःख कळत नाही? अहो, आम्ही पडलो तर आमच्या बायकापोरांना काय?"

बायकापोरं! एक बिऱ्हाड इथे, दुसरं दादरला. हे पनवेलच्या कावळ्यांनाही ठाऊक. तिथे निनावी अर्ज नाही, चौकशी नाही, बाक नाही. एक नवरा मातीत गेलेल्या बाईला विचारतात दुसरा आहे का, आणि दोन घरं चालवणाऱ्याला हार घालतात!

येताना वाटेत तोंडातल्या तोंडात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. वहीची लाज वाटते.

१४ नोव्हेंबर

सुचलं! रात्रभर हसत होते. आईंना वाटलं मला वेड लागलं.

१८ नोव्हेंबर

तारीख. पदराखाली साप्ताहिक घेऊन गेले. चौकशीच्या साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, पाट लागला असं तुमचं म्हणणं?"

"अर्जदाराचं म्हणणं आहे."

"आणि पाट लागतो साडी-नारळ देणाऱ्याशी?"

"तशी तुमच्या लोकांत रूढी आहे असं दिसतं."

"मग वाचा. कोणाच्या हस्ते?"

साहेबाने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

मी म्हटलं, "छापील आहे. माझा पाट लागला असेल तर आमदारसाहेबांशी लागला. माझी पेन्शन बंद करा, काही म्हणणं नाही. फक्त त्यांचं मानधन, भत्ता नि पास मला लागू करा. मोटारीत अर्धी जागा. आणि दादरला कळवा, की तिसरी आली!"

कारकुनाच्या हातातली दौत सांडली. बाहेर बाकावर धर्मराज — त्याचा चांगला कान दाराकडेच होता — खो खो हसत सुटला. शिपायाने त्याला पाणी दिलं.

साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली.

२५ नोव्हेंबर

गोष्ट गावभर झाली. न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, सगळीकडे "आमदारीणबाई"! बंगल्यावरून एक माणूस दोनदा येऊन गेला — "हे मिटवा." निवडणुकीच्या तोंडावर बायको नंबर तीन कोणाला परवडणार?

२ डिसेंबर

मंजूर! आमदारसाहेबांनी स्वतः कचेरीत येऊन लिहून दिलं, की साडी त्यांच्या सांगण्यावरून कर्णेवाल्याने दिली. तीन महिने जे जमलं नाही ते आठ दिवसांत झालं. थकलेलं सगळं मिळालं. भाडं दिलं. आईंना डॉक्टरकडे नेलं. धर्मराजला निरोप धाडला, की सुटलास.

आता बाकावर बसायचं कारण नाही. बरं झालं.

८ डिसेंबर

बरं झालं असं लिहिलंय खरं वर. कोणास ठाऊक. बाजारातून कर्ण्याचा आवाज आला की मशीन थांबते माझी. कचेरीने जबरदस्तीने नवरा चिकटवला तेव्हा कुठे मी त्या माणसाकडे नीट पाहिलं! नाही तर कर्ण्याच्या खांबाकडे कोण बघतं?

२४ फेब्रुवारी १९६७

आमदारसाहेब पडले. आपटले! गल्लीत दोन गट. एक फटाके लावतोय, दुसरा हळहळतोय — "बिचाऱ्यांना साधी पेन्शन पण नाही हो!" आई सुकट निवडत होत्या. म्हणाल्या, "मंग कर्ना लावून पोट भर म्हना."

१९ मार्च

बिचाऱ्या साहेबांची कुठल्याशा मंडळावर नेमणूक झाली. मोटार तीच, ड्रायव्हर तोच. हयातीचा दाखला लागत नाही. कोणाशी लग्न केलं, कितव्यांदा केलं, कोणी विचारत नाही. हरलेल्याला एवढं, तर मेलेल्याला किती मिळायला हवं?

२८ मार्च

काल धर्मराज आला होता. माझ्याशी बोललाच नाही. सरळ आईंपुढे बसला. "आये, खरा पाट लावायचा म्हणतो. तुमी नाय म्हनलात तर उठून जातो." मी स्टोव्ह पेटवत होते, तो पेटेना.

तो गेल्यावर मी म्हटलं, "नको. पेन्शन जाईल. तुमचं काय? तुमच्या नावाने मागायचं तर नवा अर्ज, नवी चौकशी, वर्षं जातील."

शरीफा म्हणते सांगूच नकोस, पाट कुठे कागदावर असतो? आज कचेरीत गेले तर कारकूनही तेच सुचवून गेला, फाईलकडे बघत. चांगल्या मनाने. म्हणजे दर सहा महिन्यांनी जाऊन लिहून द्यायचं, धर्मराज माझा कोणी नाही! एक नवरा एकदाच गेला. दुसरा वर्षातून दोनदा घालवायचा?

संध्याकाळी आई स्वतःच बोलल्या. "पोरी, माजा म्हादू मेला म्हनून ते पैशे देतान. आनि तू जिती आसून मेल्यासारी रायलीस तरच देतान. आसलं पैशे माना गोड लागत नाय."

मी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले. महादेवसाठी रडले, आणि धर्मराज आला म्हणून आनंदही झाला होता. दोन्ही खरं.

१० एप्रिल

शनिवारी पाट लागला. आई आमच्याबरोबरच राहणार. आज तिघंही कचेरीत गेलो, मी माझ्या तोंडाने सांगितलं. कारकुनाने नाव खोडलं. मयताची बायको, आता नाही.

आईंनी त्याला विचारलं, "मंग आता माजा म्हादू तुमच्या कागदावर कुनाचा?"

धर्मराज म्हणाला, "आपला, आये."