सुकटीचा डबा आणि शिलाँगचे पाहुणे

सांगवी, ता. बारामती
गुरुवार

चि. बुद्धघोष यास,
तुझ्या अक्काचा सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही सगळे जेवून-खाऊन आहोत (हे पत्र जेवणाखाण्याचंच आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकलं). तुझी शुगर कशी आहे? गोळ्या घेतोस का नुसत्या खिशात ठेवून इंदापूरभर फिरतोस? करुणाचा गुडघा काय म्हणतोय? तिला सांग, जिना चढणं कमी कर आणि नवऱ्यावर ओरडणं वाढव, दोन्हीनं आराम पडतो.

आता तू म्हणशील, या मोबाइलच्या दिवसांत अक्काला पत्र लिहायचं काय सुचलं. तर बाबा, फोन तू उचलत नाहीस. घरच्या ग्रुपमधून तू जयंतीच्या दुसऱ्या दिवशी निघून गेलास तो गेलासच. का, तर जयंतीच्या जेवणात माझ्या हुलग्याच्या माडग्याला तू भर पंगतीत 'भांडी घासल्यालं पाणी' म्हणालास, आणि मी तुझा फोटो ग्रुपवर टाकला, त्याच माडग्याची तिसरी वाटी तोंडाला लावलेला. फोटो खरा होता. मी काही तुझ्या तोंडाला वाटी बांधली नव्हती. पण ते जाऊ दे, मी ते सगळं विसरले आहे (तूच विसरत नाहीस). पत्र रामहरीच्या हाती देतेय, तो सध्या बारामती-इंदापूर एसटीवर कंडक्टर आहे. तुझ्या हातात पडल्याशिवाय त्यानं तुझ्या दारातून हलायचं नाही असं त्याला बजावलंय, तेव्हा त्याला चहा दे.

तर बातमी अशी, की आपल्या अनुपचं लग्न निघालंय! मुलगी शिलाँगची, खासी समाजाची, नाव दारिशा. अनुपच्याच बँकेत आहे. दिसायला गोड, बोलायला कमी, हसायला लागली की थांबत नाही. मला तर पहिल्या दिवशीच पसंत पडली. ती, तिची आई आणि तिचा मामा असे तिघं शनिवारी आले, बारामतीत लॉजवर उतरलेत. वडील तिकडं दुकान सांभाळायला राहिलेत. येत्या सोमवारी त्यांचं पुण्याहून विमान आहे. त्याच्या आत बोलणी होऊन सोयरीक ठरली पाहिजे, नाहीतर एवढ्या लांबून ही माणसं पुन्हा कधी यायची? ठरली का म्हणशील, तर नाही, अडलीय. कशावरून अडलीय ते सांगतेच, पण आधी जेवणाचं सांगते, नाहीतर मला चैन पडायची नाही.

रविवारचं पहिलं जेवण आपल्याकडं. अनुप म्हणाला, "आई, ती माणसं सगळं खातात, घरचं काहीपण कर." पण तुझ्या दाजींना तू ओळखतोस. ते म्हणाले, "परमुलखातली शिकल्याली माणसं हायती. पनीर सांगायचं. रक्ती-बिक्ती काढलीस तर बघ. आन ती सुकट माळ्यावर टाक, वास न्हाय आला पायजे." बघ की! रविवार असून खाटकाकडून रक्त आणायचं नाही, ते गोठवायचं नाही, कांद्यावर परतायचं नाही! आणि सुकटीची लाज कुणाला, तर ज्या माणसाला सुकटीशिवाय भाकरी गिळत नाही त्याला. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याला आपल्याच डब्याची का लाज वाटते कोण जाणे. पण मीही निमूट स्टुलावर चढून डबा माळ्यावर ढकलला, झाकणाला रबर लावून. आणि बारामतीच्या केटररकडून पनीर आलं. तीन रंगांच्या तीन भाज्या आणि चव एकच.

पाहुण्यांना यायला उशीर झाला, कारण गाडी वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, उलट मामांनी खाली उतरून ट्रॉलीवाल्याशी हातवारे करून गप्पा मारल्या आणि उसाचं एक कांडं मिळवलं. मग सगळे जेवायला बसले. मुलीच्या आईला सगळे काँग म्हणतात (त्यांच्यात थोरल्या बहिणीला काँग म्हणतात, म्हणजे आपली अक्काच की). ती काँग पनीरचा एकच तुकडा ताटात इकडून तिकडं फिरवत होती. मामा पाणी पिऊन पिऊन जेवत होते. दाजी तर भाकरीच्या आठवणीनं नान चावत होते. असं सुतकातल्यासारखं जेवण मी आयुष्यात वाढलं नव्हतं.

आणि तेवढ्यात वास आला. बुद्धघोष, मी तो वास झोपेतसुद्धा ओळखीन. सुकट! मेल्या मांजरानं माळ्यावरचा डबा पाडला, दुसरं काय? दाजी माझ्याकडं असे बघायला लागले की डोळे ताटात पडतात की काय. मी उठले, काँगला हात जोडले आणि माझ्या हिंदीत म्हणाले, "माफ करना, हमारा डब्बा खुल गया." तर ती बाई लालबुंद होऊन स्वतःची पिशवी पोटाशी धरून उभी राहिली आणि म्हणते, "नहीं नहीं, हमारा है, हमारा." दाजी म्हणाले, "न्हाय ओ ताई, आमचाच हाय त्यो." मामा म्हणाले, "हमारा है जी, गलती हमारा." मी आजवर जमिनीवरून, बांधावरून, पाण्यावरून भांडणारी माणसं पाहिली. वास आमचाच म्हणून भांडणारी पहिल्यांदाच पाहिली!

शेवटी मी स्टुलावर चढून बघितलं. डबा जागच्या जागी, रबरसुद्धा सरकलं नव्हतं. म्हणजे वास खरंच त्यांचा. काँगनं मान खाली घालून पिशवीतून एक प्लॅस्टिकचा डबा काढला, पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी गुंडाळलेला, तरी बिचारा सांडलाच. त्याला म्हणतात तुंगताप. सुकी मासळी निखाऱ्यावर भाजायची आणि मिरची-कांदा घालून वाटायची. लॉजवर भाताबरोबर खायला म्हणून तिनं आणलं होतं, आणि दारिशानं तिला निघतानाच दम दिला होता, की मुलाकडच्यांसमोर काढायचं नाही, ती माणसं नाकं मुरडतील. ऐकलंस? तिकडंही तेच! मग मी काय थांबते होय? माळ्यावरचा डबा काढला, सुकट तव्यावर भाजली, लसूण-मिरची घालून रगडली, चार भाकऱ्या थापल्या आणि दोन्ही चटण्या शेजारी शेजारी ठेवल्या. मी त्यांची चाखली आणि मला वाटलं, कुणीतरी आपल्या आईच्या हातची चव उचलून थेट डोंगरावर नेलीय! फरक म्हणशील तर त्यांच्यात लसूण कमी आणि मिरची लवंगेएवढी, पण डोक्याला झिणझिण्या आणणारी. काँग भाकरी मोडून माझी सुकटीची चटणी बोटं चाटून खात होती. दाजींनी केटररच्या नावानं शिवी हासडली आणि मांडी घालून नव्यानं जेवायला बसले. पनीर कुत्र्याला घातलं. त्यानंसुद्धा विचार करून खाल्लं.

सोमवारी सकाळी दाजी शिट्टी वाजवत स्वतः जाऊन रक्त घेऊन आले (बंदी कुणी घातली होती ते त्यांना आठवत नव्हतं, मीही आठवण केली नाही). मी रक्ती परतली, काँगनं जादोह केला. जादोह म्हणजे भात, पण पांढरा नव्हे हो, त्यात मटण आणि रक्त घालून शिजवतात. आपण रक्ती भाकरीशी खातो, ती माणसं ती भातातच मुरवतात. अगं बाई, मी म्हटलं, हे आपल्याला का सुचलं नाही? आणि एक तुंगरिंबाई म्हणून असतं. सोयाबीन आंबवून करतात. वास असा, की मी आधी माझी चप्पल उचलून बघितली. पण काळे तीळ घालून परतल्यावर काय चव आली म्हणून सांगू! आपण इतकी वर्षं सोयाबीनची पोती भरून बाजारात नेतोय आणि घरात एक दाणा शिजवत नाही, येडेच आहोत. सगळंच जमलं असं नाही. पुरणात गूळ बघून मामांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, डाळीत चुकून पडला का. माडगं मात्र काँगनं तोंडाला लावलं ते वाटी रिकामी करूनच खाली ठेवली, आणि परत मागितलं. (हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. पण भांडी घासल्यालं पाणी कुणी परत मागत नाही, एवढंच म्हणते.)

जेवणानंतर मामांनी पानसुपारीची चंची सोडली. तिकडं आल्या-गेल्याला क्वाई देतात, म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. आता दाजींनी आयुष्यभर तंबाखू मळलेली. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आमाला सुपारी शिकवतोय व्हय?" आणि टाकली तोंडात. झालं! ऐन थंडीत माणूस घामानं निथळला. कान लाल, डोळे मोठे. "मालन, छातीत कायतरी व्हतंय" म्हणून खाटेवर आडवे झाले. मी रडायलाच लागले. अनुप गाडी काढायला पळाला. आणि दाजी निरवानिरव करायला लागले, की विहिरीची मोटार बंद कर, उसाच्या खोडव्याला पाणी वेळेवर दे, आन बुद्धघोषाला म्हणावं आमचा लोखंडी नांगर परत आणून टाक. (मरतानाही नांगर!) मामा शांतपणे शेजारी बसून त्यांना वारा घालत होते. म्हणाले, ओली सुपारी आहे, अंगात गरमी करते, जाईल. आणि खरंच गेली. दाजी उठून बसले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "आणिक एक द्या." आता ते सकाळ-संध्याकाळ क्वाई खातात आणि आल्या-गेल्याला सांगतात, की ह्याच्यापुढं आपली तंबाखू म्हणजे पोरखेळ.

एवढं सगळं छान चाललं असताना बोलणी का अडावी? तर संध्याकाळी चहा झाला, मामांनी कप खाली ठेवला, नीट बसले आणि एकच प्रश्न विचारला. तिथंच अडलं ते अडलं. प्रश्न काय तो लिहायला आता कागदावर जागा नाही. आणि तुला काय करायचंय? मी काही तुला बोलवायला पत्र लिहीत नाहीये. बातमी कळवणं थोरल्या बहिणीचं काम, ते केलं. करुणाला जयभीम, पोरांना गोड पापा.

कुणापुढं पदर न पसरणारी,
तुझी अक्का
मालन

ता. क. मागच्या बाजूला जागा आहे म्हणून लिहिते. प्रश्न असा होता: "लड़के का मामा कहाँ है?" त्यांच्यात घरात शब्द मामाचा. मुलीचा मामा बोलणार तो मुलाच्या मामाशीच, बापाशी नाही (दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). मी म्हटलं, त्याला इंदापुरात फार महत्त्वाचं काम आहे. ते म्हणाले, असू दे, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबलेत रे, रोज विचारतात. मी तुझं फार कौतुक केलंय, की माझा भाऊ शांत आहे, मनात काही धरून ठेवत नाही. आता मला खोटं पाडू नकोस. रविवारी सकाळी ये. येताना उजनीची चिलापी आण, ताजी, काँगला मासळीचं वेड आहे. आणि नांगरही आण.

ता. क. दुसरा. हे वाचून झालं की फाडून टाक. दारिशा सगळ्यांत धाकटी मुलगी आहे, आणि खासी लोकांत आईबापाचं घर धाकट्या मुलीकडं जातं. तिनं ते सोडायचं नसतं. नवरा तिच्या घरी राहायला जातो. म्हणजे सून आपल्याकडं येत नाही, अनुप तिकडं जातो, कायमचा. अनुपनं हे फक्त मला सांगितलंय. दाजी वरच्या मजल्यावर नवराबायकोसाठी खोली बांधतायत, परवाच फरशी आणली, रंग कुठला द्यायचा ते दारिशाला विचारत होते आणि ती बिचारी हसायची थांबली. दाजींना हे माझ्यानं सांगवत नाही. तू सांग. तोंडात क्वाई असताना सांग, म्हणजे लगेच बोलता यायचं नाही.

ता. क. शेवटचा. मी अनुपला जा म्हणून सांगितलंय. दारिशाकडं तो असा बघतो, की दुसरं काही म्हणवलंच नाही. मुलगी देताना मामा तिच्या पाठीशी उभा राहतो, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुलगा देताना त्याच्या आईच्या पाठीशी कोण उभं राहतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. तू ये रे.