पहिला डाव माझ्याविना

बाई, तुमच्यावर मी इतकी चिडले होते, की आठवडाभर तुमच्या तासाला मान वर केली नव्हती. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. राग तर त्याच्याही कितीतरी आधी गेला, पण तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं मात्र राहूनच गेलं.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. कोपरगावच्या आपल्या शाळेत मी दहावीत होते. तुम्ही गणित शिकवायचात आणि मुलींच्या खो-खो संघाबरोबर गावोगाव यायचात, कारण दुसरी कुणी शिक्षिका तयार नसायची. मी खांबावर सूर मारण्यात पटाईत आणि बीजगणितात कच्ची. एकदा आमचे अण्णा उसाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी तसेच शाळेत आले. म्हणाले, "बाई, पोरगी लई पळती, पर शिकती का न्हाई? एका परीक्षेत जरी नापास झाली, तर साळा बंद. पाव्हनं बघून ठिवलेत." तुम्ही म्हणालात, "नापास झाली तर मीच तिला घरी आणून सोडीन. तोवर दोन्ही करू द्या."

आणि नेमका सहामाहीचा गणिताचा पेपर नगरच्या जिल्हा सामन्यांच्या दिवशीच आला. संघात दहावीची मी एकटीच. मुख्याध्यापक म्हणाले, दोन्हीतलं एक निवडा. तुम्ही त्यांच्याशी भांडून पेपर बरोबर घेतलात. सकाळी आपण उपांत्य सामना जिंकतो. अंतिम सामना संध्याकाळी, म्हणून दुपारी मैदानाला लागून असलेल्या एका वर्गात तुम्ही मला लिहायला बसवता. माझे गुडघे सोललेले, नखांत माती. अर्धा पेपर होतो न होतो, तोच आमची कर्णधार धापा टाकत दारात येते. "बाई, त्या संघाला एसटी गाठायची हाय. सामना आत्ताच लावलाय. हिला सोडा!"

मी उठलेच.

"तुला अडवणार नाही," तुम्ही म्हणालात. "पण अर्धा पेपर मी अर्धाच तपासणार. मग तुझ्या वडिलांना काय सांगायचं, ते तू बघ."

मी बसले. खिडकीतून शिट्टी ऐकू येत होती, आपल्या मुलींचा "खो" ऐकू येत होता, आणि मी डोळे पुसत समीकरणं सोडवत होते. पेपर तुमच्या हातात आदळून मी धावले, तेव्हा पहिला डाव संपला होता. दुसऱ्या डावात मी जीव तोडून खेळले. आपण एका गुणाने हरलो. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कर्णधार एवढंच म्हणाली, "तू पयल्यापासून असतीस, तर..." पुढच्या बाकावर तुम्ही ते ऐकलंत.

सोमवारी तुम्ही अख्ख्या संघाला सरावाआधी तुमच्या घरी बोलावलंत. "परवा ही अडकली, उद्या दुसरी अडकेल," तुम्ही म्हणालात. "त्यापेक्षा सगळ्याच पक्क्या व्हा." त्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही स्टोव्हवर पोहे परतताय, आम्ही शहाबादी फरशीवर खडूने गणितं मांडतोय, आणि चुकली की तुम्ही हातात उलथनं तसंच धरून खाली वाकून बघताय. त्या पेपरात मी पास झाले. पुढच्या वर्षी, मी अकरावीत असताना, जिल्ह्याची ढाल आपण आणली आणि संघातली एकही मुलगी नापास झाली नाही. माझ्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, निकालाच्या दिवशी अण्णा पुन्हा तुमच्याकडे आले. "पाव्हन्यांना न्हाई म्हनून सांगितलं. कालेजचं कसं करायचं, तेवढं तुमी सांगा." पुढे मला बँकेत नोकरी लागली. बँकेच्या संघातून मी खेळले, बढतीच्या परीक्षा देत अधिकारीही झाले. त्या दुपारी मी बसले ते बरंच झालं, हे आज मी छातीठोकपणे सांगते.

हे पत्र घडी करून साड्यांच्या कपाटात जाईल. तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचात, की हिला शेवटी गणिताची गोडी लागली. नाही हो बाई. गणित मला यायला लागलं, आवडलं कधीच नाही. मला तुमच्याकडे यायला आवडायचं.