अळ्यांचा रोग आणि दादाचं यकृत

गुन्मा, ८ जून १९९८

चि. चिझुरूस तोकुजीदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने, सुमिएने, तुतीचा पाला खुडता खुडता मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या रेशमाच्या अळ्या शेवटची कात टाकून जाग्या झाल्यात, तेव्हा इतक्यात घरी यायचं नाव काढू नकोस. ज्या रोगाने अळ्या पिवळ्या पडून फुटतात, ज्याच्यापायी आजोबांनी चटया-सुपं जाळली, तोच तू ओसाकाच्या प्रयोगशाळेत जोजवून वाढवतेस. बाहीला चिकटून रेशीमघरात आला म्हणजे? शिकलीसवरलेली बहीण, पण धंदा सापाला दूध पाजायचा.

तरी एक सांगतो. तुझ्या कुवाबारा सरांचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला. अळ्यांचा विषाणू म्हणे माणसाच्या यकृतात जनुक पोचवतो आणि तिथे वाढत मात्र नाही. माझं यकृत एका जनुकापायीच जन्मतः बिघडलेलं. डॉक्टर म्हणतो, घरातल्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवा, नाहीतर वर्ष निघणार नाही. मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं पोट फाडण्यापेक्षा तुझ्या रोगाची वाट बघेन. आमच्या एवढ्या अळ्या खाल्ल्या, एक उपकार तरी करू दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तोकुजीदादा

ओसाका, २६ जून १९९८

ती. दादास चिझुरूचा सा. न. वि. वि.

तुझा हट्ट वाचून हसावं की रडावं कळेना. सर फोटोत छान दिसतात, एवढंच खरं. बशीतल्या पेशींत आमचा विषाणू जावयाच्या थाटात शिरतो. कारण पेशींना घालायचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, आम्ही आधी तापवतो. गुरूंनी तापवलं म्हणून शिष्य तापवतात, का ते कुणी विचारत नाही. त्या आचेने रक्तातले राखणदार मरतात. मी परवा माझं स्वतःचं सीरम न तापवता घातलं, तर विषाणू दारातच गारद झाले. जिवंत माणसाचं रक्त कुणी तापवून ठेवत नाही, हे एवढ्या पदव्यांना सुचलं नाही. सर म्हणाले, परिषद होईपर्यंत गप्प बस. मी म्हटलं, माझा भाऊ तोवर थांबला तर बसेन. त्यांना तो विनोद वाटला.

कधीतरी मार्ग निघेल, दादा, पण तुझ्या वर्षात नाही. म्हणून मी गुपचूप तपासण्या करून घेतल्या. तुझा तो दोष माझ्यात नाही, रक्तगट जुळतो, माझा तुकडा बसेल. पोट माझं आहे, फाडायचं की नाही ते मी ठरवीन. मला उंबऱ्याबाहेर ठेवतोस ना? आता माझं यकृतच आत येतंय, ते कुठल्या दारावर अडवशील? भीती वाटते, दादा. लवकर हो म्हण.

लोभ आहेच, थोडी अक्कलही असावी, ही विनंती.

तुझी चिझुरू

गुन्मा, ४ जुलै १९९८

चि. चिझुरूस आशीर्वाद.

सुमिए रडली. मीही रडलो, पण ते बाहेर बोलू नकोस. डॉक्टरला हो कळवलं. तुझा तुकडा म्हणजे पोटात दिवसभर वाद घालणार, तयारी ठेवलीय. तुझ्या सरांना परिषदेसाठी एखादी फुटकी अळी पाठवू का, विचार.

पुढच्या हंगामाच्या अळ्या मी शेजारच्या हागिवारांना देऊन टाकल्या. आजारपणाचं कारण सांगत नाही, सुमिएने एकटीने सांभाळल्या असत्या. तू ह्या घरात जन्मलीस आणि अंगणातूनच परत जातेस, ते मला बघवत नव्हतं. आजोबांच्या काळापासून रेशीमघर पहिल्यांदाच रिकामं आहे. ऑपरेशनआधी चार दिवस राहायला ये. तुझं अंथरूण तिथेच घातलंय.

तुझा दादा