दर्शनी फलकावरील साहेबांची नजर डावीकडे वळवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत

विषय : दर्शनी फलकावरील आपले छायाचित्र उलट दिशेला फिरवण्यास, ते न जमल्यास हटवण्यास, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला तोंडी आदेश, "फलक छान झालाय, आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवतो की, प्रवेशद्वारासमोरचा फलक मीच तयार केला आहे. हे लपवण्याची सोय नाही, कारण कोपऱ्यात मी हौसेने सहीसुद्धा ठोकली आहे.

१. फलकाचे काम एकच होते : बाह्यरुग्ण विभाग डावीकडे आहे, हे आलेल्या माणसाला कळावे. माझ्या पहिल्या आराखड्यात एक मोठी ओळ, एक जाड बाण आणि भोवती भरपूर कोरी जागा होती. ती जागा पाहून प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग आठवला. सर्वांना ठळक अक्षरे हवी होती, मी सर्वांना दिली. सगळेच ठळक केले की काहीच ठळक राहत नाही, हे मी शिकवणीत घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. त्या बैठकीत मात्र मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

२. मग मध्यभागी आपले हसरे छायाचित्र आले. त्यात आपण उजवीकडे पाहत आहात. छापील चेहरा जिकडे पाहतो तिकडे वाचणाऱ्याची नजर जाते, हा आमच्या धंद्यातला अगदी पहिला धडा. बाण करंगळीएवढा आणि आपण परातीएवढे, त्यामुळे लोक आपल्या नजरेमागोमाग थेट धुलाईघरात जातात. तिथल्या मावशींनी त्यांच्यासाठी बाक टाकले आहे. त्या सर्वांना पाणी देऊन परत पाठवतात आणि मी दिसलो की "या, कलाकार!" म्हणतात.

३. छायाचित्र उलटे छापण्याची माझी विनंती, भांग दुसऱ्या बाजूला जातो या कारणास्तव आपण फेटाळलीत. म्हणून मी बाण लाल केला, नंतर त्यावर लुकलुकणारा दिवा लावला. लोकांना वाटले, दिवा साहेबांच्या सन्मानार्थ आहे. सध्या कार्यालयीन वेळेत मी स्वतःच फलकाखाली डावा हात लांब करून उभा राहतो. काल एका आजोबांनी त्यावर छत्री अडकवली.

४. अर्जाचे खरे कारण वेगळेच आहे. मंगळवारी माझी आई डोळे दाखवायला आली. मी वर बैठकीत होतो, मावशी रजेवर होत्या. आई उजवीकडे गेली आणि चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी, आपला नंबर पुकारतील म्हणून बसून राहिली. तोवर डॉक्टर निघून गेले. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटले. घरी मी चूक कबूल करू लागलो, तर तिने मलाच गप्प केले.

५. सोमवारी तिला पुन्हा बोलावले आहे. ती मला सोबत घ्यायला तयार नाही. पाटी मुलाने केलेली असताना वाट दाखवायला मुलगा कशाला, असे तिचे म्हणणे. तरी त्याआधी परवानगी मिळावी, कारण डॉक्टरांना काय सांगायचे ते तिने ठरवून ठेवले आहे : "पाटी बरोबरच असणार हो, माझ्या मुलाने केलीय. मलाच आताशा दिसत नाही."

आपला नम्र व ओशाळलेला,
(सही)
फलकाचा मांडणीकार

दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी
सोबत : नवा आराखडा, एक प्रत