काटा लाल रेघेवर

३ एप्रिल २०२५, गुरुवार

आजही ओझरच्या पुढे जाता आलं नाही! तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि मी गाडी वळवली. सकाळचे सव्वासात. ऊन नव्हतं, रस्ता मोकळा, पन्नासच्या वर गेलेच नाही. तरी तापली.

बासष्ट सालची विलायती गाडी. लाल, दोन माणसांची, टप उघडणारी. ह्यांच्या मामांची, मामांमागून ह्यांच्याकडे आली. लग्नानंतरच्या शेहेचाळीस वर्षांत ह्यांनी माझी जितकी विचारपूस केली नसेल तितकी तिचं बॉनेट उघडून तिची केली. ह्यांना जाऊन पाच महिने झाले. आता बॉनेट मी उघडते.

ह्यांच्या हातात ती निदान वडाळीभोईपर्यंत तरी जायची. माझ्या हातात ओझर.

४ एप्रिल, शुक्रवार

उज्वलावहिनींचा फोन, नामपूरहून. भाऊ गेल्यापासून माझ्या माहेरच्या घरात त्या एकट्याच आहेत. मे महिन्यात मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार. घराला कुलूप. म्हणजे तीस तारखेची आखाजी, अक्षय्य तृतीया, ही त्या घरातली शेवटची. मी चौऱ्याहत्तर वर्षांची, तरी लेक ती लेकच. आखाजीला लेकीने माहेरी जायचं.

"आखाजीले येजो बरं. लाल गाडीमा." मी म्हटलं, बसने येईन. तर हसल्या. "तुनी गाडी आजून गरमच शे का?"

हसण्यासारखंच आहे. दर वर्षी हे त्यांना गाडी आणायचं कबूल करायचे, आम्ही पहाटे निघायचो, आणि वडाळीभोई मागे पडली, सोग्रस फाटा यायच्या आत, की हे म्हणायचे—काटा लाल झाला. मग चिंचेखाली गाडी उभी. चाळीस मिनिटं. तोवर ऊन चढायचं, पुढे भावडबारीचा घाट. परत फिरायचो आणि दुसऱ्या दिवशी बसने जायचो. वहिनींनी गाडी फक्त फोटोत पाहिली आहे. गुडघे गेलेत त्यांचे, इकडे येणं शक्य नाही.

ठरलं. तीस तारखेला गाडी नामपूरला, आमच्या दारात. वहिनींना शेजारी बसवून बाजारातून फेरी. सव्वीस दिवस आहेत. इंजिन थंड ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न आहे म्हणजे उत्तर असणार.

६ एप्रिल, रविवार

यादव आला. द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे त्याचं. ही गाडी पंचवीस वर्षं त्याच्याच हाताखाली. त्याआधी तो माझ्या हाताखाली होता—सातवी ब. विज्ञानात काठावर पास. आता केस पिकलेत, पण मी बॉनेटशी उभी राहिले की अजून हात मागे बांधतो.

मी यादी वाचून दाखवली. पाणी काढून रेडिएटर धुणे. फॅनचा पट्टा बदलणे. रेडिएटरचं झाकण बदलणे, सील कडक झालंय. पाण्याचा पंप तपासणे. तो म्हणाला, "बाई, गाडी चांगली आहे. काट्याकडे फार बघू नका."

मग कुठे बघू? द्राक्षबागा?

यादी माझ्या हातातून घेऊन खिशात घातली. नंतर म्हणाला, सांगाल ते करतो.

९ एप्रिल, बुधवार

रेडिएटरच्या जाळीत काय निघालं—कांद्याची टरफलं! विंचूरकडच्या रस्त्यांवरच्या ट्रॅक्टरांमागून उडालेली, वर्षानुवर्षांची, वाळून चिकटलेली. हवा आत जाणार कुठून? लोकरीच्या सुईने एकेक फट मोकळी केली. अडीच तास. पाठ धरली. सुपलीभर निघाली.

आनंद झाला, लिहायला हरकत नाही. कारण सापडल्याचा आनंद. आत येऊन सांगायला तोंड उघडलं आणि मग आठवलं.

१० एप्रिल, गुरुवार

पल्लवीचा फोन, टोरांटोहून. आई, ती गाडी विकून टाक, ह्या वयात काय. मी विचारलं, कोणत्या वयात? मग हवामानावर बोललो.

१३ एप्रिल, रविवार

पट्टा नवा, झाकण नवं. बोअरचं पाणी एक थेंब घातलं नाही, क्षार धरतात. ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं. हा नियम ह्यांचाच. बाकी कशात शिस्त नव्हती—ओला टॉवेल पलंगावर, चष्मा फ्रीजवर. पण गाडीत पाणी घालताना चंचुपात्र वापरायचे!

रविवारी गाडी काढायची आणि कुठेतरी ती तापायची, हे ठरलेलंच. मी चिडायचे. घरी पन्नास कामं. मी जेवायलासुद्धा धड बसत नसे, उभ्या उभ्या पोळी. आणि इथे झाडाखाली हातावर हात. करण्यासारखं काहीच नसल्यामुळे मी बोलत बसायचे. शाळेतलं, मुख्याध्यापकांचं राजकारण, पल्लवीच्या आधीचं जे बाळ राहिलं नाही त्याचंसुद्धा एकदा. हे पेरू कापत ऐकायचे. चाळीस मिनिटं झाली की मी घड्याळ दाखवायचे.

२० एप्रिल, रविवार

चाचणी. सकाळी सहाला निघाले. ओझर—काटा लाल!

एवढं सगळं करून! रस्त्याच्या कडेला घेतली. रडू आलं नाही, राग आला. दहा मिनिटं उभी राहिले. मग लक्षात आलं—वाफ नाही. झाकणापाशी फुसफुस नाही. खाली एक थेंब नाही. तापलेली गाडी इतकी गप्प कशी?

यादवला फोन केला. उचलला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

प्रयोग. शाळेतली पाऱ्याची तापमापी कपाटात होती. अंगणात, गाडी गार असतानाच झाकण काढलं, तापमापी दोऱ्याने बांधून पाण्यात सोडली, इंजिन चालू केलं. दर दोन मिनिटांनी नोंद. तापमापी ६० तर काटा ८५. तापमापी ७० तर काटा ९५. तापमापी ८२ वर स्थिरावली. काटा लाल रेघेवर.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच.

इंजिन तापतच नाही. काटाच पंचवीस अंश जास्त दाखवतो.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलांना सांगितलं, उपकरणावर आधी संशय घ्या. आणि स्वतः? काटा चालवणाऱ्याच्या समोर. मी बाजूच्या सीटवर. हे सांगायचे, मी मानायचे.

२३ एप्रिल, बुधवार

यादवच्या गॅरेजवर गेले. वही समोर धरली. त्याने आकडे वाचले आणि मान खाली घातली, पेपर देताना घालायचा तशी.

"साहेबांना माहीत होतं, बाई. नवा मीटर मीच आणून दिलेला, अकरा साली. डिकीत आहे, जॅकच्या मागे."

का बसवला नाही, विचारलं. साहेब नको म्हणाले. का नको म्हणाले? ह्यावर त्याने पाना पुसायला घेतला.

जॅकच्या मागेच होता. खोकंसुद्धा फोडलेलं नाही. चौदा वर्षं!

२४ एप्रिल, गुरुवार

मीटर बसवून घेतला. पुन्हा तापमापी लावली. एका अंशाचाही फरक नाही.

ह्यांना माझ्या माहेरी यावंसं वाटत नव्हतं, तर तसं सांगायचं. मी काय ओढून नेणार होते? भावाच्या अंगणात बसून मांडे खायचे, हसायचे, वहिनींची थट्टा करायचे—आणि त्यांनाच दर वर्षी खोटं सांगायचे. मी ज्या माणसाला बावळट समजत होते तो मला फसवत होता.

आज फोटोपुढे उदबत्ती लावली नाही.

२७ एप्रिल, रविवार

लावली. सवय म्हणून.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

पोचले!

पावणेसहाला निघाले. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई. काटा ऐंशीवर. चिंच दिसली. पाय जड झाला, पण दाबलाच. मागे वळून पाहिलं नाही. भावडबारीच्या चढाला पंच्याऐंशी, उताराला परत ऐंशी. देवळा, सटाणा, नामपूर. कुठेही न थांबता अडीच तास.

वहिनी ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडी पाहून भिंत धरत धरत खाली उतरल्या. मग बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "थंड शे वं!" बॉनेट चांगलंच गरम होतं. पण बायका गोळा झाल्या होत्या, वहिनींना माझी बाजू राखायची होती.

शेजारच्या सुनांनी दोन्हीकडून धरून बसवलं त्यांना. बाजारातून फेरी, मग शाळेकडून, मग पुन्हा बाजारातून. डोक्यावरचा पदर उडत होता, त्या धरत नव्हत्या. आंबा विकणाऱ्याला त्यांनी हात केला, ओळख नसताना. तीन फेऱ्या झाल्या तरी उतरायला तयार नाहीत.

जेवताना वहिनींनी विचारलं, वाटेत थांबलीस कुठे? मी अभिमानाने म्हटलं, कुठेच नाही. त्या म्हणाल्या, मग एवढ्या वाटेत कोणाशीच बोलली नाहीस का?

परतीलाही थांबले नाही. घरी आले तर साडेपाचच वाजले होते. इतक्या लवकर पोचून काय करायचं, सुचेना.

१ मे, गुरुवार

पाणी पाहिलं. कमी झालेलं नाही. गाडी नामपूरला जाऊन आली हे सांगायला घरात माणूस नाही.

४ मे, रविवार

यादव जुना मीटर द्यायला आला. फेकून दे म्हटलं. तरी दारात उभाच. शेवटी म्हणाला, "बाई, रागावू नका. साहेब म्हणायचे—राहू दे रे यादव, गाडी तापल्याशिवाय तुझ्या बाई कुठे बसत नाहीत."

ऊन उतरल्यावर निघाले. वडाळीभोई मागे पडली तेव्हा काटा ऐंशीवर होता. चिंचेखाली थांबले. इंजिन बंद केलं. चाळीस मिनिटं बसले.